उलटा रिमोट

सुधाकरमामांनी नागपूरहून टीव्ही गेम आणला, तेव्हा गुडीहत्नूरमध्ये तसे डबे दोनच होते. ती दोन्ही घरं अशी, की अंगणात पोरांच्या चपला दिसल्या की आतून कडी लागायची. त्यामुळं त्या संध्याकाळी चंपतरावांच्या ओसरीवर जत्रा भरली. साल ब्याण्णव, श्रावण अर्धा सरलेला. मामा खरं तर आजारी भाऊजींना, म्हणजे चंपतरावांना, बघायला आले होते. घरात कुणीतरी हसावं म्हणून येताना त्यांनी तो डबा पिशवीत घातला आणि भाचीच्या हातात दिला.

भाची म्हणजे चंद्रभागा. नाव आजीचं, आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते जरा मोठंच होत असल्यानं सगळे तिला भागा म्हणत.

डबा पांढुरका, पुठ्ठ्यासारखा हलका. त्याला दोन रिमोट. म्हणायचं रिमोट, पण दावणीच्या वासरासारखे दोन्ही वायरनं डब्याला बांधलेले. एक पिवळी कॅसेट, तिच्यावर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं लिहिलेलं. भागानं एका रविवारी चिकाटीनं मोजले, तर खेळ सातच निघाले. बाकी सगळी त्यांचीच नावं बदललेली भावंडं. तरी नऊशे नव्व्याण्णव हा आकडा गल्लीत कुणी खोडला नाही. चौदा इंची काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या मागचा स्क्रू नखानं फिरवत बसायचं, मुंग्या हळूहळू विरायच्या आणि त्यातून एक शीळ ऐकू यायची. ती शीळ आली की ओसरीवरची पंधरा डोकी एकदम पुढं सरकत.

कॅसेट रुसली की बाहेर काढून फुंकायची. फुंकण्याची ज्याची त्याची रीत होती. कुणी लांब फुंकर घाली, कुणी आरशावर घालावी तशी तोंडाची वाफ देई, कुणी सदऱ्याच्या टोकानं पुसे. चंपतरावांनी पहिल्याच दिवशी खिशातून रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोळा काढून दिला होता. त्यांच्या खिशात रुई असायचीच. त्या बोळ्यानं कॅसेटचे दात पुसले की ती एका दमात लागे, आणि बाकीच्या दोन डब्यांचे मालकही पुढं पुढं मालनबाईंकडं, म्हणजे भागाच्या आईकडं, रुई मागायला येऊ लागले.

सातांतला एकच खेळ सगळ्यांचा जीव की प्राण, रणगाड्यांचा. खाली विटांच्या भिंतीआड आपला किल्ला, वरून एकामागून एक वीस रणगाडे येणार, आणि आपल्या एका रणगाड्यानं तो किल्ला राखायचा. सगळे उडवले की दुसरी भिंत, मग तिसरी. जिथवर पोचलो ते लक्षात ठेवायची सोय त्या डब्यात नव्हती. लाइट गेली की अठराव्या भिंतीवरचा माणूसही पुन्हा पहिल्या भिंतीशी. आणि गुडीहत्नूरची लाइट जायची, तिला सबब लागत नसे.

चंपतराव आदिलाबादच्या कापूस बाजारात मोतीराम शेठकडं पारखी होते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, फाटकातून आत आली की शेतकऱ्याच्या देखत तिच्या पोटात हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, सरकी वेगळी करायची. मग दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून तो ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी चिमटीत सरळ तंतूंची एक झालर उरते. मग डोक्यावरची काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, झालर तिच्यावर पसरायची आणि धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोठ्यानं सांगायची. बावीस, चोवीस, सव्वीस. त्या एका आकड्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. डावा हात नुसता धरून ठेवतो. बोलतो तो उजवा अंगठा. तंतू त्याच्याखालून सरकताना अंगठ्यानं वर, खाली, आजूबाजूला फिरत राहायचं असतं. चंपतरावांचा आकडा गेली सोळा वर्षं कुणी पुन्हा तपासला नव्हता. भीमपूर-बोथ बाजूचे कास्तकार बंडी जुंपतानाच विचारायचे, उद्या चंपतराव हायेत ना. एंत, एंत, म्हणजे किती, असं तेलुगूत विचारणारेही त्यांच्या तोंडाकडं बघून गप्प राहायचे.

त्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी तोंड धुताना त्यांच्या उजव्या हातातला तांब्या सुटला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं. जीभ वाचली, पाय वाचला, हातही खांद्यापासून मनगटापर्यंत परतला. अंगठा मात्र परतला नाही. तो हले, पण दुसऱ्याचा असल्यासारखा, आणि त्याच्याखाली रुई आहे की लोकर हे त्यांना कळत नसे.

गावात सांगितलं की बंडीवरून पडले, मनगट मुरगळलं. लकव्याचं नाव घरातल्या तिघांबाहेर आणि मामांबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं मालनबाईंनी भागाला देवापुढं उभं करून बजावलं. कारण दिवाळीच्या पाडव्याला बाजाराचा मुहूर्त होता. त्या दिवशी पहिल्या बंडीचा कापूस सगळ्या बाजारासमोर ओढावा लागतो. शेठकडं नागोराव नावाचा तिशीतला पारखी दोन वर्षांपासून हाताखाली होताच. अंगठा बोलला तर चंपतराव पारखी. नाही बोलला तर उरलेलं आयुष्य वखारीच्या दाराशी स्टुलावर. हे भागाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. रात्रंदिवस वडील खिशातली रुई चाचपताना दिसत, त्यावरून तिला कळलं होतं.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. चंपतरावांनी तो दोन दिवस दाबला आणि फडताळात ठेवून दिला. मालनबाई रागावल्या, तर म्हणाले, दाबला तरी मुठीत, सोडला तरी मुठीत, त्याले काय कळते मी बरोबर केलं का चूक.

मग एका दुपारी भागा शाळेतून आली, तर ओसरी रिकामी, आणि वडील टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले. पहिल्या भिंतीवरचा त्यांचा रणगाडा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता आणि मागून गोळ्या येत होत्या. तिला हसू आलं. मग दिसलं, की त्यांनी रिमोट उलटा धरला आहे. वायर टीव्हीकडं जायची ती पोटाकडं आली होती. दिशांचं अधिकच्या खुणेसारखं बटण डाव्या अंगठ्याखाली यायचं, ते उजव्याखाली आलेलं. गोळीचं लाल बटण डाव्याखाली. वर दाबलं की रणगाडा खाली जाई, उजवीकडं म्हटलं की डावीकडं.

तिनं रिमोट त्यांच्या हातातून घेऊन नीट धरून दाखवला. ते हो म्हणाले. ती हातपाय धुऊन आली, तर पुन्हा उलटा.

पुढचे आठ-दहा दिवस हेच चाललं. शाळेत पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला शिकवावं तसं ती शिकवायची, ते मान डोलवायचे आणि ती वळली की रिमोट फिरवायचे. पोरं तोंड दाबून हसत. शेजारचे धोंडीबा तंबाखू मागायला आले आणि दारातूनच म्हणाले, “काय चंपतराव, पोथी उलटी धरून वाचून राह्यले काय?” चंपतरावांनी हसून डबी पुढं केली. भागाला मात्र लाज वाटली. ज्या माणसाच्या एका आकड्यावर बाजार चालतो त्याला कुणी असं बोलावं, हे तिला सोसेना. तिनं आईची नखं रंगवायची बाटली शोधली आणि रिमोटच्या वरच्या बाजूला लाल ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी ठिपका वडिलांच्या पोटाकडं होता.

त्या दिवशी ती त्यांच्यावर ओरडली. म्हणाली, साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही, लोक हसतात. चंपतरावांनी पडद्याकडं पाहिलं. त्यांचा रणगाडा मेला होता. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. वडील अंघोळीला गेलेले. भागानं चिडूनच, ह्यात असं आहे तरी काय म्हणून, रिमोट त्यांच्यासारखा उलटा धरला. रणगाडा चार पावलंही सरळ जाईना. डोकं सांगे एक आणि पडद्यावर होई भलतंच. पाचव्यांदा मरताना मात्र तिचं लक्ष पडद्यावरून हातावर गेलं. तिचा डावा अंगठा एका जागी बसून नुसता टकटक करत होता. उजवा फिरत होता. वर, खाली, बाजूला, पुन्हा वर, एक क्षण उसंत न घेता. बाजारात वडिलांच्या शेजारी उभी राहून तिनं तो फिरणारा अंगठा शंभर वेळा पाहिला होता. फक्त त्याच्याखाली तेव्हा कापूस असे.

रिमोट सरळ धरला तर आजारी अंगठ्याला नुसतं दाबायचं काम उरलं असतं. ते त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आणि कळत नाही कळत नाही म्हणून तिनं दहा दिवस त्यांना शिकवलं होतं.

चंपतराव टॉवेलनं डोकं पुसत आले आणि दारात थांबले. भागानं मान वर केली नाही.

“मले काऊन नाई सांगतलं, बाबा?”

“तुमचं हसनं बरं होतं,” ते म्हणाले. “लोक हसतात तोवर पाहात नाईत.”

ते येऊन बसले. भागानं त्यांचा रिमोट त्यांना दिला, दुसरा स्वतः घेतला, उलटा धरला आणि दोघांचा खेळ लावला.

त्या खेळाची ही मोठी खुबी होती. दोन जण असले तरी एकमेकांविरुद्ध खेळायचं नसे. किल्ला एकच, दोघांनी मिळून राखायचा. चुकून आपली गोळी आपल्याच जोडीदाराला लागली तर तो मरत नसे, थोडा वेळ जागच्या जागी थिजून राही. भागानं वडिलांना किती वेळा थिजवलं याची गणती नाही. ते रणगाडा सुटेपर्यंत अंगठा गुडघ्यावर घासत बसत. पहिल्या आठवड्यात दोघं मिळून दुसऱ्या भिंतीपुढं गेले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास नवव्या भिंतीवर होते. ओसरीवरची पोरं आता हसत नव्हती. ती उलटा रिमोट धरायला शिकत होती, कारण त्यात काहीतरी गुपित आहे अशी वार्ता शाळेत पसरली होती. धोंडीबा तंबाखू घ्यायला येऊन अकराव्या भिंतीपर्यंत थांबायचे आणि कुठला रणगाडा कुठून येतो ते आधीच ओरडून सांगायचे.

लाइट जायची. नवव्या भिंतीवर जायची, चौदाव्यावर जायची. ओसरीवर हळहळ व्हायची, कुणी विजेच्या खात्याच्या सात पिढ्या काढी. चंपतराव रिमोट मांडीवर ठेवून अंधारात बसून राहत. लाइट आली की मुंग्या, मग शीळ, मग पहिली भिंत. आणि त्या पहिल्या भिंतीवर ते असे बसत, की जणू चौदावी कधी पाहिलीच नव्हती. आधी कुठवर पोचलो होतो याचा राग नाही, आणि हा खेळ सोपा म्हणून कंटाळाही नाही.

पुढं काही वर्षांनी रंगीत टीव्ही आले, नवे चकचकीत डबे आले. त्यांत काल जिथं सोडलं तिथून आज पुढं जाता यायचं. भागा तेव्हा हैदराबादला शिकायला होती. मैत्रिणीच्या घरी तिनं ते पाहिलं, सगळ्यांनी वाखाणलं तसं तिनंही वाखाणलं, पण तिचं मन त्यात बसलं नाही. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात चंपतराव गेले. दिवस झाल्यावर ती आईजवळ दोन महिने राहिली, आणि लोक भेटायला येऊन त्यांच्या पारखण्याबद्दल बोलत, तेव्हा ती ऐकून घेई. तिला स्वतःला बोलायचं असे ते त्या पहिल्या भिंतीबद्दल. तसं बोलायला कुणी सापडलं नाही.

पण ते सगळं पुढचं. ब्याण्णवच्या त्या पाडव्याला ते खडखडीत होते. सकाळच्या पहिल्या बसनं दोघं आदिलाबादला गेले. भागाला सोबत न्यायला मालनबाईंनीच सांगितलं होतं.

मुहूर्ताची बंडी भीमपूरच्या भगवानरावांची होती. बैलांच्या शिंगांना गोंडे, कापसावर हळद-कुंकू. नारळ फुटला आणि बाजार गोल करून उभा राहिला. मोतीराम शेठ खुर्चीवर, शेजारी नागोराव. चंपतरावांनी बंडीत कोपरापर्यंत हात घातला, चिमूट काढली, सरकी सोडवली, आणि ओढली. अंगठा घसरला. झालर मधेच तुटून वाऱ्यावर गेली.

मागच्यांनी पुढं बघायला माना उंचावल्या. नागोराव एक पाऊल पुढं आला आणि हळू म्हणाला, काका, मी पाहू का. त्यात टोमणा नव्हता, हे भागालाही जाणवलं.

चंपतरावांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी हातातलं उरलंसुरलं झटकलं, पुन्हा बंडीत हात घातला आणि नवी चिमूट काढली. भागानं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तुटलेली झालर त्या चेहऱ्यावर कुठंच नव्हती. लाइट आल्यावर ते जसे बसत तसेच ते उभे होते. सरकी सोडवली, धरलं, ओढलं, जुळवलं, ओढलं. अंगठा फिरत होता. सावकाश, पण त्याला जायचं तिथंच. मग ते उकिडवे बसले, टोपी गुडघ्यावर आली, तिच्यावर पांढरी झालर उतरली.

“सव्वीस,” ते म्हणाले.

शेठनं खुर्चीतूनच हात लांब करून स्वतः एक चिमूट ओढली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि मान हलवली. भगवानरावांनी कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन बैलाला लावलं आणि बंडी पुढं काढली.

मग बंड्या येत राहिल्या. भागा ओळखीच्या हमालाच्या पोत्यावर बसून पाहत होती. प्रत्येक झालर पूर्वीपेक्षा वेळ खात होती. रांगेत मागं कुणी कुरकुरलं की पुढचा माणूस वळून त्याला गप्प करी. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तीस-एकतीस बंड्या झाल्या होत्या. बोथची एक बंडी आली. चंपतरावांनी ओढलं, टोपीवर ठेवलं, पाहिलं. काही बोलले नाहीत. पुन्हा ओढलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि शेठपुढं जाऊन उभे राहिले.

बाजारात शेठशी सगळे हिंदीत बोलत, तसं तेही हिंदीतच बोलले. म्हणाले, लकवा झाला होता, मनगट मुरगळलं हे खोटं होतं. आतापर्यंतचे आकडे माझे आहेत, कुणाकडूनही तपासा. ह्या बंडीचा आकडा मी डोळ्यानं सांगू शकतो, पण अंगठा थकला आहे, तो काही सांगत नाही. ह्या माणसाचं वर्ष मी अंदाजावर ठरवणार नाही. नागोरावला पाठवा.

भागा पोत्यावरून उठून उभी राहिली. जवळपास तीन महिने घरानं दातांखाली धरलेली गोष्ट त्यांनी चार वाक्यांत उघड्यावर ठेवली होती, आणि तीही आकडा सांगून वेळ मारून नेणं इतकं सोपं असताना. चोवीस म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

शेठनं त्यांच्या हाताकडं पाहिलं.

“इतने दिन बोले क्यों नहीं?”

“बोलने लायक अंगूठा नहीं था, शेठ. अब आधे दिन का है.”

शेठनं बोथच्या बंडीकडं पाहिलं, मागच्या रांगेकडं पाहिलं. बंडीवाला खाली उतरून उभा होता. त्याला हिंदी समजत होतं. शेठ म्हणाले, अंदाजानं आकडा बोलणारे बाजारात पुष्कळ आहेत, अंगठा गप्प झाला हे सांगणारा मी अजून पाहिला नव्हता. सकाळच्या बंड्या तुमच्या. दुपारपासून नागोराव. पगाराचं वगैरे पाडवा झाल्यावर बसून बोलू.

नागोराव पुढं झाला. बंडीत हात घालण्याआधी त्यानं चंपतरावांच्या पायांना हात लावला, आणि ते, काम कर, काम कर, लोक उभे हायेत, असं पुटपुटत मागं सरले.

भागाजवळ येऊन ते पोत्यावर बसले. तिनं डब्यातली भाकरी पुढं केली, ती त्यांनी डाव्या हातानं खाल्ली. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. थोड्या वेळानं ते खाता खाता थांबले आणि नागोरावच्या हाताकडं बघत तिच्या कानाशी म्हणाले, “चोवीस.”

“चोवीस,” तिकडून नागोराव ओरडला.

पुढची बंडी. सव्वीस. तिकडूनही सव्वीस. नुसत्या त्याच्या मनगटाच्या झटक्यावरून ते ओळखत होते, वीस हात लांब बसून. भागा हसू दाबत होती. पाच बंड्या बरोबर आल्या. सहाव्या बंडीला ते बावीस म्हणाले, आणि नागोरावनं झालर दोनदा जुळवून पंचवीस सांगितला.

भागानं त्यांच्याकडं पाहिलं. चंपतराव डोळे बारीक करून बघत होते. बंडीवाला खूश होऊन फेटा सावरत होता.

“त्याचंच बरोबर असन,” ते म्हणाले आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. “पोरगं चांगलं ओढून राह्यलं.”